पाच गुणांचा दाखला

निवृत्त झाल्यापासून शेजारपाजारची माणसं कागद घेऊन येतात. "साहेब, एवढा अर्ज बघून द्या," म्हणतात. मी आधी मजकूर वाचत नाही. हा कागद कुणी लिहिला असेल, याचा अंदाज घेत बसतो. ही खोड मला एका प्रकरणाने लावली, आणि दर नव्या कागदाबरोबर ते प्रकरण आजही तारीखवार डोळ्यांपुढे उभं राहतं.

तेव्हा मी भोपाळमधल्या एका ठाण्याचा प्रमुख होतो. आमच्याकडे त्याला टीआय म्हणतात. शाहपुऱ्याच्या तलावाभोवतीच्या कॉलन्या, दुकानं, क्लासेस आणि दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यांवरची छोटी ऑफिसं असा आमचा इलाखा. चार इमलीच्या बड्या अधिकाऱ्यांच्या बंगल्यांतून येणारे फोन सोडले, तर डोक्याला ताप बेताचा होता. खून-मारामाऱ्या कमी, कागदांचे गुन्हे जास्त. माझे वडील विदर्भातून सरकारी कचेरीबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. मी लोकांना दम हिंदीत भरला आणि त्यांच्यावर संशय मराठीत घेतला, अशी माझी सारी नोकरी झाली. नवे कायदे अजून यायचे होते, त्यामुळे फसवणुकीला आम्ही ४२०च म्हणत होतो.

एके सकाळी टपालात एक निनावी पत्र आलं. निनावी पत्रं मी ढिगाने वाचली आहेत. वहीचं फाडलेलं पान, मुद्दाम वाकडं काढलेलं अक्षर आणि दोन-चार शिव्या, हा त्यांचा ठरलेला थाट. हे पत्र वेगळं होतं. स्वच्छ कागदावर हिंदीत टाईप केलेलं, वर 'विषय', खाली क्रमांक घातलेले परिच्छेद. शाहपुऱ्यातल्या एका परदेशगमन सल्लागाराच्या ऑफिसात नोकरीच्या अनुभवाचे खोटे दाखले तयार होतात आणि तिथे शिक्क्यांची पिशवी आहे, असं त्यात लिहिलं होतं. शेवटी 'संलग्न : निरंक' असंही होतं. म्हणजे सोबत काही जोडलेलं नाही, हेही त्याने रीतसर कळवलं होतं. मुन्शी, म्हणजे आमचा ठाण्याचा लेखनिक, हसला, मीही हसलो आणि पत्राची नोंद करून ठेवली.

चार दिवसांनी अवधपुरीचे एक गृहस्थ मुलीला घेऊन ठाण्यात आले. वय पासष्टीच्या पुढे, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. अवधपुरीजवळच्या मोठ्या सरकारी कारखान्यात आस्थापना विभागात नोकरी करून ते निवृत्त झाले होते. माझ्या नावाच्या पाटीवरून मी मराठी आहे हे त्यांनी ओळखलं आणि घरच्यासारखं बोलायला लागले. मुलगी बत्तीस वर्षांची, इंजिनिअर, एका खासगी कंपनीत कामाला. ती हिंदी-मराठी सरमिसळ करत बोलत होती, तेही विचारलं तेवढंच.

प्रकरण समजायला मला अर्धा तास लागला. काही देश बाहेरच्या शिकलेल्या, कामात तरबेज माणसांना आत घेताना शाळेसारखे गुण देतात. वयाला इतके, शिक्षणाला इतके, भाषेच्या परीक्षेला इतके, नोकरीच्या अनुभवाला इतके. देशाचं नाव लिहीत नाही, कारण यात चूक त्या देशाची नव्हती. आपले गुण आपणच मोजायचे आणि कळवायचे. पासष्ट भरले तरच अर्ज पुढे सरकतो, आणि कागद ते नंतर तपासतात. मुलीने पासष्ट कळवले होते. त्यातले दहा अनुभवाचे होते, कारण जुन्या कारखान्याच्या दाखल्याप्रमाणे तिथे पाच वर्षांच्या वर अखंड नोकरी भरत होती; सध्याचं काम इंजिनिअरचं नसल्याने ते धरलं जात नव्हतं. पाच वर्षं भरली नसती तर पाचच मिळाले असते आणि बेरीज साठवर थांबली असती.

त्या देशाच्या खात्याने गोविंदपुऱ्यातल्या तिच्या जुन्या कारखान्यात विचारपूस केली. मालकाने सांगितलं की असा दाखला आम्ही दिलेलाच नाही. लगेच मुलीला नोटीस आली. अठ्ठावीस दिवसांत खुलासा द्या, नाहीतर खोटा कागद दिल्याबद्दल तीन वर्षं बंदी. त्यातले अकरा दिवस उलटले होते. तेहेतीस पूर्ण झाली की वयाचे पाच गुण कमी होणार होते. म्हणजे बंदी बसली, तर तिच्यासाठी ते दार बंदच झालं असतं.

वडिलांचं म्हणणं असं होतं की अर्जाचं सगळं काम सल्लागाराने केलं आणि हा दाखला त्यानेच परस्पर बनवून लावला. मुलगी म्हणाली, तिने फक्त सह्या केल्या होत्या. कागद बाबा आणि सल्लागार बघत होते. माझ्या डोक्यात निनावी पत्र होतंच. दोन्ही धागे आपोआप जुळले आणि मला वाटलं, अर्धं काम फत्ते. दोन बाजूंनी एकच गोष्ट कानावर आली की पोलीस खूश होतो. त्या दोन बाजू खरंच वेगळ्या आहेत का, हे त्याने विचारायचं असतं. मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी पंच घेऊन सल्लागाराच्या ऑफिसची झडती घेतली. माणूस पस्तिशीचा, भोपाळचाच. एवढ्या उकाड्यात कोट घातलेला, केस चापून बसवलेले आणि अत्तराचा वास दारापर्यंत. भिंतीवर विमानतळावर हात हलवणाऱ्या लोकांचे फोटो. तो मला पाहताक्षणी आवडला नाही, हे आता कबूल करायला हरकत नाही. शिक्क्यांची पिशवी मिळाली नाही. त्याच्या स्वतःच्या ऑफिसचा एकच शिक्का होता. पण टेबलाखाली कागदाचे बारीक तुकडे करायचं यंत्र सापडलं आणि ड्रॉवरमध्ये कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा. येणाऱ्या प्रत्येकाला तो गुणांचा अंदाज त्या चिठ्ठीवर लिहून द्यायचा. चिठ्ठीवर ना ऑफिसचं नाव, ना तारीख, ना सही.

सही का करत नाही, म्हणून विचारलं. तो म्हणाला, अंदाज चुकला तर लोक तीच चिठ्ठी घेऊन ग्राहक मंचात जातात. मी हवालदाराकडे पाहिलं, हवालदाराने माझ्याकडे. जो आपल्या शब्दाखाली सही करत नाही तो चोर, असा आमचा दोघांचा हिशेब तिथेच पक्का झाला.

पुढचे तीन दिवस त्याला नोटीस देऊन चौकशीला बोलावलं. सकाळी अकराला यायचं आणि संध्याकाळपर्यंत बाकावर बसून राहायचं. कधी मी विचारायचो, कधी हवालदार. मध्ये दोन-दोन तास कुणीच काही विचारायचं नाही. बसवून ठेवणं हीसुद्धा चौकशीच असते. खोटं बोलणारा माणूस तिसऱ्यांदा सांगताना आपल्या गोष्टीत थोडी भर घालतो. हा भर घालत नव्हता. दर वेळी तेवढंच आणि त्याच क्रमाने सांगत होता. मला वाटलं, पाठ करून आलाय.

त्याचं सांगणं असं होतं. मुलीचे वडील एकटेच त्याच्याकडे आले होते. त्याने बेरीज करून साठ सांगितले, चिठ्ठी लिहून दिली आणि भाषेची परीक्षा पुन्हा द्यायला सांगितलं. मुलगी त्या परीक्षेत वरची पायरी अगदी थोडक्यात चुकली होती. ती मिळाली असती तर एकदम दहा गुण वाढत होते. आठवड्याने वडील परत आले ते नवा अनुभवाचा दाखला घेऊनच. त्याने तो लावला.

"दाखला खरा आहे का, हे बघितलंस?" मी हिंदीत विचारलं.

"साहब, मैं नंबर जोड़ता हूँ, बनाता नहीं," तो म्हणाला. "काग़ज़ बाप लेके आए, और मैं बाप से पूछूँ कि असली है?"

वडिलांना बोलावून समोरासमोर बसवलं. त्यांनी शांतपणे सांगितलं की असली कुठलीही चिठ्ठी आपल्याला मिळालेली नाही. सल्लागाराने माझ्याकडे पाहिलं. चिठ्ठीची नक्कल त्याच्याकडे नव्हती, आणि असती तरी तिच्यावर सही नव्हती. स्वतःच्या हुशारीतच तो सापडला होता. मला त्याची दया आली नाही, उलट बरं वाटलं.

या काळात वडिलांचा रोज एक फोन यायचा, बरोबर साडेदहाला. "साहेब, एफआयआर झाली का? नुसती प्रत मिळाली तरी पुरे." खुलाशासोबत ती प्रत जोडली की मुलगी फसवली गेली हे सिद्ध होईल, असं ते म्हणायचे. त्यात वावगं काही नव्हतं. तरी मनात पाल चुकचुकायला हवी होती. ज्याची फसवणूक झालीय तो माणूस विचारतो, चोर कबूल झाला का, त्याला शिक्षा होईल का. यांना फक्त प्रत हवी होती. पण माणूस आपल्यातला, आपल्या भाषेत बोलणारा, फाईलला पानांचे क्रमांक घालून आणणारा. मी त्यांना चहा पाजत राहिलो आणि त्या दुसऱ्याला बाकावर बसवत राहिलो.

चौथ्या दिवशी गोविंदपुऱ्यात जाऊन कारखान्याच्या मालकाचा जबाब घेतला. त्याने खऱ्या नोंदी दाखवल्या. मुलीने तिथे दोन तुकड्यांत नोकरी केली होती. दोन्ही मिळून सव्वाचार वर्षं, आणि मध्ये अठरा महिने कोरे. खोट्या दाखल्यात ते कोरे महिने भरून सगळी नोकरी सलग दाखवली होती. मालक दाखला हातात धरून बराच वेळ बघत होता. लेटरहेड हुबेहूब आमचं, म्हणाला, पण आमच्याकडे एवढं लांबण कुणी लिहीत नाही. एवढी इंग्रजी आम्हाला येतच नाही. मी ते जबाबात लिहून घेतलं आणि विसरलो.

त्या दिवशी दुपारी गुन्हा नोंदवण्याचा मसुदा तयार झाला. सकाळी सल्लागाराला अटक करायची, असं ठरलं. मी टेबलावरचे किरकोळ कागद उरकत होतो. आमच्या एका फौजदाराची बदली झाली होती, त्याचा कार्यमुक्तीचा आदेश मुन्शीने सहीला ठेवला. त्यात नेहमीचं वाक्य होतं, 'आज दिनांक ... को अपराह्न में कार्यमुक्त किया जाता है.' सरकारी माणूस कामावर रुजू होतो तो पूर्वाह्नात आणि सुटतो तो अपराह्नात. नुसती तारीख लिहून सरकारचं समाधान होत नाही, दिवसाचा कुठला अर्धा भाग तेही लागतं. मी सही केली आणि हात तिथेच थांबला.

दाखला काढला. इंग्रजीत लिहिलं होतं की सदर कर्मचारी अमुक तारखेच्या पूर्वाह्नात रुजू झाली आणि तमुक तारखेच्या अपराह्नात तिला कार्यमुक्त केलं. एकूण सेवा पाच वर्षं, नऊ महिने, शून्य दिवस. पंधरा कामगारांच्या कारखान्यात शून्य दिवस कोण लिहितो? ते सूट घातलेलं पोरगं तरी हे कुठून लिहिणार? त्याने जन्मात सेवापुस्तक पाहिलेलं नव्हतं. मग निनावी पत्र मागवलं. 'विषय', क्रमांकाचे परिच्छेद, 'संलग्न : निरंक'. चुगली करताना ज्याला नाव लपवायचं सुचलं, पण जोडपत्रांचा रकाना सोडायचं सुचलं नाही, तो माणूस कोण असेल, हे सांगायला मला हवालदाराची गरज नव्हती.

मला राग आला तो आधी स्वतःचा. नंतर त्यांचा.

अटक थांबवली. दुसऱ्या दिवशी दुपारी साध्या कपड्यांत हवालदाराला घेऊन अवधपुरीला गेलो. मुलगी ऑफिसला गेलेली होती. वडिलांनी आम्हाला बसवलं, पंखा वाढवला, स्वतः चहा केला. मी म्हटलं, "काका, गुन्हा नोंदवताना मुलीच्या नोकरीचा खरा तपशील सोबत लागेल. तुमच्या हाताने एका कागदावर लिहून द्या. आमच्या मुन्शीला जमायचं नाही." त्यांना बरं वाटलं. कोरा कागद घेतला, डावीकडे समास आखला आणि पंधरा मिनिटं तब्येतीत लिहीत बसले. मी मुद्दाम खिडकीबाहेर बघत होतो. हवालदार बिस्किटं खात होता.

कागद हातात आला. पहिला कालावधी, दुसरा कालावधी, दोन्हींपुढे पूर्वाह्न-अपराह्न, शेवटी वर्षं-महिने-दिवस. तळाशी सवयीने लिहिलेलं 'सहपत्र : निरंक'. मी तो टेबलावर ठेवला. शेजारी दाखला ठेवला, त्याच्या शेजारी निनावी पत्र.

त्यांनी तिन्ही कागद वाचले. आयुष्यभर कागदांतच काम केलेला माणूस होता, त्याला समजावून सांगावं लागलं नाही. त्यांनी तिन्ही कागदांच्या कडा जुळवून सारख्या केल्या आणि हात मांडीवर ठेवले.

मग त्यांनी सगळं सांगितलं. जुन्या पगारवाढीच्या पत्रावरून लेटरहेड उतरवलं, शिक्का जुन्या शहरातून करून आणला. नोटीस आल्यावर घाबरले, आणि मुलीवर यायच्या आत पोलिसांचा संशय सल्लागारावर जावा म्हणून निनावी पत्र टाकलं. मी विचारलं, हे सगळं पाच गुणांसाठी? त्यावर ते जे बोलले ते त्यांच्याच शब्दांत देतो.

"साहेब, चाळीस वर्षं मी लोकांची सेवापुस्तकं लिहिली. कुणाच्या सेवेत खंड राहू दिला नाही. रजा शिल्लक नसेल तर नियम शोधायचो, साहेबांपुढे टिपणी ठेवायचो आणि खंड क्षमापित करून आणायचो. माझ्या पोरीच्या नोकरीत अठरा महिन्यांचा खंड आहे. तिच्या आईला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागायचं. माझ्या रिटायरमेंटला दोन वर्षं होती. मी म्हटलं, शेवटच्या दोन वर्षांत कशाला? मी रजा घेतली नाही. तिने नोकरी सोडली. आई गेली, तेव्हा ती परत त्याच कारखान्यात खालच्या जागेवर लागली. आता तो देश म्हणतो, पाच वर्षं भरत नाहीत. म्हणून मीच तो खंड क्षमापित केला."

मी नोकरीत खूप कबुलीजबाब ऐकले. ऐकताना खिशातली वही काढायची राहिली ती त्या एका दिवशी. पण समोरच्या माणसाने एका निर्दोष माणसाला तीन दिवस माझ्या बाकावर बसवलं होतं आणि पाचव्या दिवशी कोठडीत पाठवणार होता, हेही तितकंच खरं होतं.

तेही त्यांनी ओळखलं. खालच्या आवाजात म्हणाले, "साहेब, त्या माणसाचं काय जातं? असल्या लोकांवर केसेस होतच असतात, महिन्याभरात सुटतात. पोरीचं वय मात्र निघून चाललंय. एक प्रत दिली तर ती वाचते."

वाचकांपासून लपवत नाही, मी मिनिटभर विचार केला. मसुदा तयार होता, फक्त सही बाकी होती. सल्लागार मला आवडत नव्हता आणि हे आवडत होते. एवढ्या भांडवलावर पोलीस काय काय करू शकतो, ते मला चांगलं ठाऊक आहे. मग मी म्हटलं, "काका, मुलगी किती वाजता येते? तिला तुम्ही सांगायचं, मी नाही."

ती साडेपाचला आली. दारातच आमचे बूट बघून तिला वाटलं, काम झालं. वडिलांनी उभं राहून सांगितलं, एकही वाक्य न गाळता. तिने खांद्यावरची बॅग काढली नाही की बसली नाही. सगळं ऐकून तिने एवढंच विचारलं, "आणि ती चिठ्ठी? होती की नव्हती?"

वडील आत गेले आणि फाईल घेऊन आले. चिठ्ठी होती. भोकं पाडून, क्रमांक घालून, जागच्या जागी लावलेली. मला खोटं सांगितलं, पण कागद फाडून टाकणं त्यांना जमलं नव्हतं. साठ गुण, त्याखाली भाषेची परीक्षा पुन्हा, अधिक दहा, एकूण सत्तर. सल्लागार अक्षरन् अक्षर खरं बोलत होता. परीक्षेचं मुलीला का सांगितलं नाही, म्हणून मी विचारलं. तर म्हणाले, मला वाटलं की तो आपल्या ओळखीच्या क्लासचं गिऱ्हाईक गाठतोय. असल्या माणसावर विश्वास कसा ठेवायचा?

म्हणजे त्यांनाही तो पाहताक्षणी आवडला नव्हता.

मुलगी म्हणाली, "बाबा, मला विचारून तर घ्यायचं. दिली असती मी परत." मग तिने चिठ्ठी फाईलमध्ये होती तशी लावली आणि म्हणाली, "आईजवळ मी थांबले, ते काय तुम्ही मला परत करायचं होतं?" वडील खाली बसले. हवालदार उठून बाहेर गेला. बावीस वर्षं माझ्याबरोबर असलेला तो माणूस चौकशीतून उठून गेलेला मी तेव्हाच पाहिला.

मी तिला कायद्याची बाजू समजावली. दखलपात्र गुन्हा होता, मिटवामिटवी माझ्या हातात नव्हती. तिच्याच अर्जावर गुन्हा नोंदवला. फिर्यादी मुलगी आणि आरोपी बाप, असा कागद मी नोकरीत पुन्हा केला नाही. वय बघून आणि सगळे पुरावे ताब्यात आल्यामुळे त्यांना जामीन लगेच मिळाला.

सल्लागाराला बोलावून खुर्चीवर बसवलं आणि माफी मागितली. टीआयने माफी मागणं आमच्या खात्यात फारसं घडत नाही. त्याला काय करावं ते कळेना. झडतीत काही मिळालं नाही, हे ठाण्याच्या रोजच्या नोंदवहीत नीट लिहा, एवढंच तो म्हणाला. मग मुलीने खुलाशात काय लिहावं तेही त्याने विचारल्याशिवाय सांगितलं. खरं लिहा, खरे गुण लिहा, कुणावर ढकलू नका. तरीही तो माणूस मला आवडला नाही तो नाहीच. त्याला माझा इलाज नाही.

खुलाशाच्या मुदतीला चार दिवस असताना मुलगी जबाब द्यायला ठाण्यात आली. जबाबाची प्रत तिला खुलाशाला जोडायची होती. मी विचारत गेलो, ती सांगत गेली, मुन्शी लिहीत गेला. वडिलांविरुद्ध सांगायचं ते तिने सरळ सांगितलं, रडली नाही. शेवटी नियमाप्रमाणे मी विचारलं, आणखी काही सांगायचं आहे का.

"हो," ती म्हणाली. "ते अठरा महिने मी नोकरीवर नव्हते. मी आईला बघत होते. हे लिहा."

मुन्शीने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. गुन्ह्याशी त्याचा थेट संबंध नव्हता, आणि असलं लिहायची रीत नाही. मी म्हटलं, लिही. कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, तेही लिही.

पुढचं थोडक्यात सांगतो. त्या देशाने खुलासा वाचला आणि तरीही तीन वर्षांची बंदी घातली. नियम म्हणजे नियम, त्याबद्दल मला तक्रार नाही. वडिलांनी न्यायालयात गुन्हा कबूल केला. न्यायाधीशांनी वय आणि कोरी पाटी बघून त्यांना चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडलं. मुलगी त्याच घरात त्यांच्याबरोबर राहिली. बोलणं मात्र बरेच दिवस कामापुरतंच होतं, असं हवालदार सांगायचा.

या प्रकरणाने मला शिकवलं ते साधं आहे. संशय घेणं पोलिसाचं कामच आहे, त्यात लाज नाही. पण मी संशय घेतला तो माणसाचा कोट बघून आणि विश्वास ठेवला तो भाषा ऐकून. कागद दोघांचेही माझ्या टेबलावर होते. मी ते पाच दिवस उशिरा वाचले, आणि ते पाच दिवस एका निर्दोष माणसाने मोजले. नंतरच्या नोकरीत मी प्रत्येक प्रकरणात जो मला सगळ्यात जवळचा वाटायचा, त्याचा जबाब आधी घेतला.

आणि त्या मुलीचं म्हणाल, तर तिच्या अठरा महिन्यांना कुठल्याच तक्त्यात एकही गुण नव्हता. ना त्या देशाच्या, ना आपल्या. नोकरीच्या कागदावर तो खंड होता आणि बापाच्या कागदावर खोटेपणा. खरी नोंद झाली ती एका फौजदारी जबाबात, आणि तीही तिनेच मागून घेतली. मुन्शीने लिहिलेलं ते शेवटचं वाक्य मी तिला वाचून दाखवलं. तिने पुन्हा एकदा वाचायला सांगितलं. मी पुन्हा वाचलं आणि खाली माझी सही केली.